ज्या बापाने जाळलं, त्याच्याचकडे झुको परत का जातो?

एका कार्टून मालिकेतला १३ वर्षांचा राजपुत्र. युद्धाची मसलत चालते त्या दालनात जायची त्याची कोण धडपड! पहारेकरी आत सोडत नाहीत, तेव्हा काका मध्ये पडतो आणि ‘आत चल, पण तोंड उघडू नकोस’ या अटीवर त्याला नेतो. आत एक सेनापती योजना मांडत असतो. एकेचाळिसावी तुकडी, म्हणजे नुकतीच भरती झालेली कोवळी पोरं, शत्रूपुढे आमिष म्हणून टाकायची. ती मरतील, पण तेवढ्यात दुसरीकडून हल्ला करता येईल. मुलाला राहवत नाही. आपल्या देशावर जीव टाकणाऱ्या पोरांना असं दगा देऊन कसं मारता, असं तो भर सभेत विचारतो.

याची शिक्षा ठरते द्वंद्व. मुलगा घाबरत नाही, कारण समोर तो म्हातारा सेनापती असणार अशी त्याची समजूत. रिंगणात उतरून वळून बघतो, तर समोर बाप उभा. राजाच्या दालनात बोललास म्हणजे राजाचाच अपमान केलास, हा हिशेब. मुलगा गुडघ्यांवर बसतो, डोकं जमिनीला टेकतो, रडत माफी मागतो. बाप सगळ्यांच्या देखत त्याचा चेहरा जाळतो. मग लढायला नकार देणं ही नामर्दी ठरवून त्याला देशाबाहेर काढतो. परत यायचं असेल तर ‘अवतार’ला, म्हणजे पाणी, माती, आग आणि हवा हे चारही वश असलेल्या एकमेव माणसाला, पकडून आण, ही अट. त्या अवताराला १०० वर्षांत कोणी पाहिलेलंही नसतं.

हा राजा म्हणजे अग्निराष्ट्राचा, हातातून आग सोडू शकणाऱ्या लोकांच्या देशाचा, अधिपती ओझाय, आणि मुलगा झुको. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या निकलोडियनच्या २००५ ते २००८ या काळातल्या कार्टून मालिकेतली ही माणसं. अलीकडे खऱ्या नटांना घेऊन केलेली आवृत्ती आली, तिच्यात काही तपशील बदलले आहेत. मी मूळ मालिकेबद्दल लिहितो आहे. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत सातवी ते दहावीची बरीच मुलं ती बघतात, आणि त्यांच्याशी गप्पा मारताना एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. बापाने इतकं केलं, तरी झुको तीन वर्षं जगभर वणवण करत त्याच बापाची मर्जी का मिळवत फिरतो? ‘काका, मी असतो तर तोंडही बघितलं नसतं त्याचं,’ असं आठवीतला एक मुलगा मला ठासून म्हणाला.

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र मुलांच्या मनाविषयी बरंच काही शिकवणारं आहे, म्हणून ते सावकाश उलगडू या.

वाईट मीच असणार

लहान मुलाला आईबाप बदलता येत नाहीत. नोकरीत साहेब वाईट निघाला तर माणूस दुसरी नोकरी शोधतो. मुलाचं अन्न, निवारा, झोप आणि सुरक्षितता त्याच दोन माणसांच्या हातात असते. अशा मुलाला बाप विनाकारण क्रूर वागला तर त्याच्या मनापुढे दोन अर्थ उभे राहतात. एक, बाप वाईट आहे. दुसरा, मीच काहीतरी वाईट केलं. पहिला अर्थ स्वीकारला तर सगळं संपलंच, कारण मग वाचवणारं कोणी उरत नाही. दुसरा दुखतो, पण त्यात आशा असते. चूक माझी असेल तर मी सुधारलो की बाप बदलेल.

स्कॉटलंडचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबर्न यांनी १९४३ मध्ये नेमकं हेच मांडलं. सैतानाच्या राज्यात संत म्हणून राहण्यापेक्षा देवाच्या राज्यात पापी म्हणून राहणं मुलाला परवडतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. झुको तीन वर्षं तेच करतो. आपली शिक्षा रास्त होती, आपण मान गमावला आणि तो कमावला पाहिजे, असं तो स्वतःला आणि जहाजावरच्या प्रत्येकाला सांगत राहतो. ‘मान’ हा शब्द त्याच्या तोंडी इतक्यांदा येतो की मुलं त्याची नक्कल करतात. मला ती नक्कल ऐकवत नाही, कारण त्या शब्दामागे गुडघ्यांवर बसलेला तो १३ वर्षांचा मुलगा दिसत राहतो.

हे फक्त माणसांच्या विचारांत घडतं असंही नाही. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या एका प्रकारात पिल्लांना मऊ कापडाची खोटी आई दिली होती आणि तिच्यातून मधूनच हवेचा जोरदार झोत सुटायचा. पिल्लं पळून जातील असं वाटतं ना? ती तिलाच अधिक घट्ट बिलगायची. भीती वाटली की आईकडे धाव घ्यायची, हे पिल्लाच्या अंगातच असतं. भीती आईकडूनच आली, तरी धाव आईकडेच जाते. आज हे प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्या पिल्लांनी जे दाखवलं ते विसरता येत नाही.

तेव्हा आठवीतल्या त्या मुलाला माझं उत्तर असं होतं: तुला तोंड बघावंसं वाटणार नाही, कारण तुझ्या घरी तुला धरून ठेवणारी माणसं आहेत. झुकोची आई उर्सा एका रात्रीत नाहीशी झाली. बहीण त्याच्या अपमानाच्या वेळी हसत उभी होती. परत जायला त्याच्याकडे बापच उरला होता.

अटीवरचं प्रेम

ओझायसारखा बाप ठाण्यात सापडणार नाही, आणि सापडला तर तो पोलिसांचा विषय. पण ओझायच्या क्रूरतेतला एक धागा साध्यासुध्या घरांतही असतो. तू मला हवा तसा वागलास तर माझा, नाहीतर नाही, हा तो धागा. निकालाच्या दिवशी टक्के कमी आले म्हणून चार दिवस अबोला. ‘चार लोकांत मान खाली घालायला लावलीस.’ ‘तुझ्यासाठी एवढ्या खस्ता खाल्ल्या त्या याच्यासाठी?’ हात कोणी उगारत नाही, फक्त माया आखडती घेतली जाते आणि पुढच्या परीक्षेत टक्के वाढले की ती परत येते. नौपाड्यातल्या क्लासेसच्या जिन्यावर उभं राहून मुलांची बोलणी ऐकली तर हे कळायला वेळ लागत नाही.

मानसशास्त्रात याचा अभ्यास झाला आहे. अ‍ॅव्ही असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कॉलेजमधल्या मुलामुलींना विचारलं होतं, की अभ्यास, खेळ, मदतीची वृत्ती अशा गोष्टींत आईवडिलांचं प्रेम तुमच्या कामगिरीवर ठरायचं का. ज्यांचं उत्तर ‘हो’कडे झुकत होतं, ती मुलं अपेक्षेप्रमाणे वागत होती खरी. पण ती आतून येणाऱ्या एका सक्तीपोटी वागत होती, यशाचा आनंद त्यांना फार टिकत नव्हता, अपयशानंतर लाज आणि अपराधी भाव दाटून येत होता, आणि आईवडिलांबद्दल मनात राग साचलेला होता. त्याच निबंधाच्या दुसऱ्या भागात आई झालेल्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या आईबद्दल विचारलं. ज्यांना अटीवरचं प्रेम मिळालं होतं, त्यांच्याकडून तीच पद्धत आपल्या मुलींवर वापरली जात होती. स्वतःला सोसावं लागलं होतं, तरीही.

या अभ्यासातला टिकत नसलेला आनंद मालिकेच्या तिसऱ्या पर्वात जसा दाखवला आहे, तसा मी दुसरीकडे क्वचित पाहिला. झुको घरी परततो. अवतार मेला आणि त्याला झुकोनेच मारलं, असं बहिणीने बापाला सांगितलेलं असतं. बाप त्याला आपला म्हणतो. राजवाडा, नोकरचाकर, मैत्रीण, लोकांचा जयजयकार, जे तीन वर्षं मागितलं ते सगळं मिळतं. आणि मुलगा दिवसेंदिवस अधिक चिडका, अधिक अस्वस्थ होत जातो. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रात्री मित्रमंडळी विचारतात, तू नेमका कोणावर चिडलायस? बराच वेळ टाळून तो सांगतो, की स्वतःवरच.

मग युद्धाची बैठक येते. आपल्याला बोलावणं आलं नाही म्हणून तो आधी कासावीस होतो. मग कळतं की बाप त्याचीच वाट बघतोय, त्याची खुर्ची बापाच्या उजव्या हाताला ठेवलेली आहे. हीच ती युद्धमसलत, जिथे तोंड उघडल्याबद्दल त्याचा चेहरा जाळला गेला. या वेळी बाप त्याचं मत विचारतो. शत्रूची प्रजा कशी आहे? झुको खरं तेच सांगतो, की ती माणसं स्वाभिमानी आहेत, आशा शिल्लक आहे तोवर काहीही सोसतील. या वाक्यातून बाप एवढंच उचलतो की आशाच नष्ट करायची. बहीण अझुला सुचवते, सगळा मुलूखच जाळून टाका. झुको गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्यावर बाप खूश असतो.

बाहेर आल्यावर तो मैत्रिणीला सांगतो, की आत मी अगदी आदर्श राजपुत्र होतो, बाबांना हवा होता तसा मुलगा, पण तो मी नव्हतो. १३व्या वर्षी एका तुकडीसाठी जीव धोक्यात घालणारा मुलगा १६व्या वर्षी एक अख्खा देश जाळण्याची योजना ऐकून गप्प राहतो. ओझायने मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान कुठे केलं, असं मला विचाराल तर मी चेहऱ्याकडे बोट दाखवणार नाही, या बैठकीकडे दाखवीन.

लाडकीचं काय झालं

अझुला, धाकटी बहीण. आगीवर जन्मजात हुकूमत, निळी ज्वाला, बापाची लाडकी. मुलं तिला सरळ खलनायिका म्हणतात. आमच्या गप्पांत नववीतली एक मुलगी मात्र म्हणाली, ‘मला तिचंच जास्त वाईट वाटतं.’ तिचं बरोबर होतं. झुकोला निदान नापास होण्याची सवय होती. अझुलाला एकदाही चुकायची मुभा नव्हती. शेवटी बाप स्वतःला जगाचा सम्राट जाहीर करून मोहिमेवर निघतो आणि तिला मागे ठेवतो, तेव्हा तिच्या तोंडून पहिली गोष्ट बाहेर पडते ती अशी, की तुम्ही मला झुकोसारखं वागवू शकत नाही! भावाचं काय केलं जात होतं हे तिला पहिल्यापासून पुरतं ठाऊक होतं, हे त्या एका वाक्यात कळतं. त्यानंतर ती नोकरांना, सल्लागारांना, सगळ्यांना हाकलत सुटते, कारण कोण कधी दगा देईल याची खात्री नाही. आरशात तिला हरवलेली आई दिसू लागते. १४ वर्षांची मुलगी आहे ती.

एका मुलाला धुडकावलं आणि दुसरीला डोक्यावर घेतलं की धुडकावलेल्याचं नुकसान लगेच दिसतं. डोक्यावर घेतलेल्या मुलाचं नुकसान उशिरा दिसतं, म्हणून मदतही त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते.

इथे एका पालकांनी मला अडवलं होतं, आणि त्यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. ते म्हणाले, ‘सगळं मान्य, पण बाप कडक नसता तर पोरगा एवढा लढवय्या झाला असता का? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ मालिकेनेच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. झुको बापाला सोडून आंगच्या, म्हणजे त्या अवताराच्याच, बाजूला येतो आणि त्याच्या हातातली आग अचानक विझू विझू होते. कारण ती इतकी वर्षं रागावर पेटत होती, आणि राग ओसरला. त्याला आग नव्याने शिकावी लागते, ड्रॅगनांकडून, जगण्याची ऊब म्हणून. बापाने दिलेली ताकद बापाबरोबरच गेली. जी विद्या पुढे त्याचा जीव वाचवते, वीज अंगातून वळवून परत सोडण्याची, ती काकाने शिकवलेली. काकाचा धाकही कमी नव्हता. श्वासावर ताबा आल्याशिवाय पुढचा धडा मिळणार नाही, हे तो ठणकावून सांगायचा.

डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या पद्धतींची जी विभागणी केली, तिच्यात हाच फरक आहे. एका पद्धतीत हुकूम असतो आणि कारण विचारायची सोय नसते. दुसरीत नियम तितकेच पक्के असतात, पण मुलाचं ऐकून घेतलं जातं आणि नियम मोडला म्हणून मुलाला परकं केलं जात नाही. त्या पालकांना शिस्त हवी होती, आणि ती हवीच. पण शिस्त आणि दहशत यांची गल्लत झाली की ओझायसुद्धा आदर्श बाप वाटायला लागतो.

एकाच बापाचे दोन मुलगे

ओझाय असा का झाला, याचंही थोडं उत्तर कथेत आहे. त्याचा बाप अझुलॉन. थोरला मुलगा आयरो, म्हणजेच झुकोचा तो काका, त्याचा लाडका, गादीचा वारस. आयरोचा एकुलता एक मुलगा युद्धात मारला गेला, तेव्हा ओझाय बापाकडे गेला आणि म्हणाला, दादाला आता वारस नाही, गादी मला द्या. संतापलेल्या म्हाताऱ्याने फर्मावलं, की थोरला मुलगा गमावण्याचं दुःख तुलाही कळलं पाहिजे. म्हणजे झुकोच्या जिवाची किंमत त्या घरात फार आधीच ठरली होती. त्याच रात्री आई गेली, अझुलॉन मेला आणि ओझाय गादीवर बसला.

मुलगा म्हणजे बापाच्या इच्छेसाठी वापरायची वस्तू, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. ययातीने स्वतःचं म्हातारपण मुलांना देऊ केलं. यदूने नकार दिला, त्याच्या वाट्याला शाप आला. पुरूने आपलं तारुण्य दिलं, त्याला राज्य मिळालं. पिढ्यानुपिढ्या आपण पुरूचं कौतुक करत आलो. यदूच्या बाजूने बोलणारं कोणी लहानपणी मला भेटलं नाही, आणि मला वाटतं आता कोणीतरी बोलायला हवं.

पण बापाने बिघडवलं म्हणून मुलगा बिघडलाच पाहिजे, असं कथा म्हणत नाही. आयरोही त्याच अझुलॉनचा मुलगा. त्यानेही ६०० दिवस एका शहराला वेढा घातला होता, ते शहर जाळायच्या गमती घरी पत्रातून लिहिल्या होत्या. मुलगा गेल्यावर तो बदलला, आणि पुतण्याच्या जहाजावर त्याच्याबरोबर गेला. झुको त्याच्यावर खेकसतो, त्याचा अपमान करतो, एकदा तर उघड दगा देऊन बहिणीच्या बाजूला जातो. शेवटी माफी मागायला येतो, तेव्हा वाक्य पुरं होण्याआधी काका त्याला मिठीत घेतो. मी रागावलो नव्हतो, तू वाट चुकशील याची भीती वाटत होती, एवढंच म्हणतो.

एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं पुढे सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक मोठं माणूस. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कोणीही. आपल्या प्रल्हादाच्या गोष्टीतही हे आहे, फक्त सांगताना ते गळून जातं. हिरण्यकशिपू तपाला गेला असताना कयाधू नारदांच्या आश्रमात राहिली आणि प्रल्हादाने गर्भात असतानाच त्यांचे बोल ऐकले. बापापेक्षा वेगळा आवाज त्या मुलापर्यंत आधीच पोहोचला होता.

ग्रहणाच्या दिवशी झुको बापासमोर उभा राहतो. १३ वर्षांच्या मुलाला द्वंद्वाला उभं करणं क्रूर होतं आणि चूक होतं, असं तो तोंडावर सांगतो. फेअरबर्न म्हणाले होते ती समजूत तिथे तुटते. वाईट मी नव्हतो. तो बापाला मारत नाही, माफही करत नाही, निघून जातो. ‘बाप शेवटी बाप असतो’ म्हणून त्याला कोणी परत वळवत नाही, याबद्दल मला ती मालिका लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. आपल्याकडे घरातून दुखावलेल्या मुलाला हे वाक्य फार लवकर ऐकवलं जातं.

आमच्या ठाण्याच्या नावाने महाराष्ट्रभर एक चेष्टा चालते, ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणून. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यावरून ती आली. त्या चेष्टेपायी कित्येक घरं मदत मागायला बिचकतात. याच शहरात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर उघडपणे बोलते आहे, पालकांशी आणि मुलांशीही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला मारहाण होत असेल तर १०९८ वर शेजाऱ्यालाही फोन करता येतो. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याच्याशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे गुन्हा आहे, मग तो जन्मदाता बाप का असेना. आणि फोन करण्याइतकं काही घडलेलं नसेल, फक्त निकालानंतर वरच्या मजल्यावरचं पोर जिन्यात एकटं बसलेलं दिसत असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसायला काका, मावशी किंवा क्लासचे सर यांच्यापैकी कोणीही चालतं.